छावणी की मोकळी चराई? मालीच्या पशुपालक निर्वासितांसमोरचे दोन पर्याय

2012 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाच्या उत्तरेत युद्ध पेटलं तेव्हा सहारातल्या तुआरेग या पशुपालक समाजातली अनेक कुटुंबं उंट, गाई, शेळ्या हाकत सीमेपार गेली. त्यांना मिळालेला आसरा मात्र सगळीकडे सारखा नव्हता.

शेजारच्या मॉरिटानिया देशात बासिकुनू गावाजवळ म्बेरा ही नेहमीच्या धर्तीची छावणी उभी राहिली. नोंदणी, शाळा, दवाखाना, धान्यवाटप, सगळं एका जागी. आजारी माणसासाठी, बाळंतिणीसाठी ही सोय मोठीच. अडचण गुरांची. वाळूत तंबूंना तंबू खेटून असल्यावर हजारो जनावरं बांधायची कुठे? आसपासचं गवत आणि झाडपाला संपतो, विहिरीवरून स्थानिकांशी खटके उडतात. मग जनावरं विकायची किंवा कुणासोबत तरी लांब पाठवायची. ज्याची पुंजीच चार पायांवर चालते, त्याला हे परवडत नाही.

दुसऱ्या शेजारी देशाने, नायजरने, ताहुआ भागातल्या इंतिकानला छावणीऐवजी 'आश्रयक्षेत्र' ठरवलं. कुटुंबं विखरून राहतात, कळप जवळ राहतो, दूध घरचं. मला हीच रीत शहाणपणाची वाटते. पण फुकट काहीच नसतं: पांगलेल्या वस्त्यांपर्यंत शिक्षक आणि लस पोचवणं जिकिरीचं, आणि पाण्याची मदार मोजक्या ठिकाणांवर. 31 मे 2020 रोजी बंदूकधाऱ्यांनी इंतिकानमध्ये तिघांना ठार केलं, पाणीपुरवठ्याचं केंद्रही मोडलं. उघड्या माळावर पहारा ठेवणार तरी कसा?

म्हणून कळप असेल तर इंतिकानसारखी जागा. दुष्काळात किंवा लुटीत तो गेलाच असेल, तर म्बेरा.