शिलोंडा ट्रेल, बोरिवली नॅशनल पार्क: पानगळ बघायची तर इथेच

मार्चमध्ये गाईडसोबत शिलोंडाला जाऊन आले आणि पैसे पूर्ण वसूल, कारण पानगळ इतकी नीट समजावून सांगणारं कोणी आधी भेटलंच नव्हतं. चढावरची साग, ऐन ही झाडं जवळजवळ उघडी, पायाखाली नुसता कुरकुरीत पाचोळा, आणि तिथून खाली ओढ्याशी उतरलं की करंज, जांभूळ, उंबर हिरवेगार, सावली गच्च! ओढ्याकाठी जमिनीत ओल टिकते म्हणून तिथे झाडं एकदम उघडी पडत नाहीत, पानं थोडी थोडी गळतात. गाईडने डबक्यातून एक भिजलेलं पान उचलून दाखवलं, मधला गर गेलेला, फक्त शिरांची जाळी उरलेली. आधी बुरशी पान मऊ करते मग पाण्यातल्या किड्यांच्या अळ्या ते कुरतडतात, आणि त्या अळ्यांवर मासे-बेडूक जगतात, म्हणजे ओढ्याचं अर्धं जेवण वरूनच पडतं म्हणा ना. ग्रुप मात्र मोठा होता, मागच्यांना ऐकू येत नव्हतं, ते सुधारायला हवं. परवानगी आधी काढा, बूट घाला, आणि प्लीज पाचोळा पेटेल असं काहीही सोबत नेऊ नका, उन्हाळ्यात वणव्याची भीती खरी आहे.