अँटिव्हायरस घ्यायला गेले आणि ५४,४९९ रुपये गेले

दिवाळी आटोपली त्या आठवड्यातली गोष्ट. आमच्या घरी एकच कॉम्प्युटर आहे, हॉलमध्ये देवघराच्या बाजूला. मुलाचा बारावीचा अभ्यास, यांच्या ऑफिसची कामं, माझं लाइट बिल आणि बँक, दुपारी सासूबाईंचं कीर्तन, सगळं त्याच्यावरच. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे मुलाने सांगितलं होतं. अँटिव्हायरसची मुदतही भरत आलेली. त्यात स्क्रीनच्या कोपऱ्यात रोज लाल पाटी यायला लागली, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले.' माझा धीर सुटला.

ती पाटी व्हायरसची नव्हतीच. मुलाने कुठल्याशा साइटवरून नोट्स उतरवताना 'अलाऊ' दाबलं होतं. त्या परवानगीमुळे ती साइट आम्हाला रोज जाहिरात पाठवत होती. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'नोटिफिकेशन्स' उघडून ती साइट काढली की पाटी बंद. दोन मिनिटांचं काम. पण हे मला सगळं झाल्यावर कळलं.

आधीची तीन वर्षं आम्ही नागपूरच्या बर्डीवरच्या दुकानातून अँटिव्हायरसचा डबा आणत होतो. या वेळी म्हटलं, गर्दीत कशाला जायचं, घरूनच रिन्यू करू. मोबाइलवर कंपनीचं नाव आणि 'कस्टमर केअर नंबर' असं टाकलं. सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला. त्याच्यावर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलं होतं, म्हणजे कोणीतरी पैसे भरून तो नंबर वर आणला होता. माझी नजर गेली ती नुसती आकड्यांवर.

माणूस हिंदीत बोलत होता, अगदी अदबीने. "मॅडम, आप घबराइए मत, मैं लाइन पर हूँ." त्याने एनीडेस्क उतरवायला सांगितलं. दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं हे अ‍ॅप. ते खोटं नाही, ऑफिसातली मंडळी कामासाठी वापरतात. पण त्यातला नंबर मी त्याला वाचून दाखवला, स्क्रीनवर 'अ‍ॅक्सेप्ट' दाबलं आणि माझा कॉम्प्युटर त्याच्या हातात गेला.

मग त्याने मला जे दाखवलं ते इथे नीट सांगते, कारण माझा विश्वास तिथेच बसला. त्याने इव्हेंट व्ह्यूअर नावाची खिडकी उघडली. लाल गोळे, पिवळे त्रिकोण, एकाखाली एक, संपतच नव्हते. म्हणाला, हा प्रत्येक लाल गोळा म्हणजे एक हल्ला. नंतर काळ्या खिडकीत एक कमांड टाकली. आकड्यांची रांग आली आणि वर शब्द होता 'फॉरेन अ‍ॅड्रेस'. "देखिए मॅडम, विदेश के लोग आपके कॉम्प्युटर में बैठे हैं." माझ्या अंगावर काटा आला.

यातलं काहीही त्याने बनवलेलं नव्हतं. सगळं माझ्याच कॉम्प्युटरमधलं होतं, अर्थ तेवढा खोटा होता. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कॉम्प्युटर बारीकसारीक अडचणींची नोंद ठेवतो, प्रिंटर जोडला नव्हता, एखादा प्रोग्रॅम उशिरा सुरू झाला, अशी. चांगल्या चालत्या मशीनमध्येही लाल गोळे असतात. मुलाने नंतर मित्राच्या नव्या कोऱ्या लॅपटॉपवर उघडून दाखवलं, तिथेही होते. आणि 'फॉरेन अ‍ॅड्रेस' म्हणजे परदेश नव्हे. आपला कॉम्प्युटर ज्या दुसऱ्या टोकाशी जोडलेला असतो, त्याचा पत्ता. तुम्ही बातम्या वाचत असाल तर त्या साइटचा पत्ताही त्याच रांगेत दिसेल.

मग त्याने प्लॅन सांगितला, तीन मशीनपर्यंत चालणारा, पाच वर्षांचा, ७,९९९ रुपये. मी लगेच पाठवले. त्याने काहीतरी बसवलं, हिरवी खूण दाखवली, आभार मानून फोन ठेवला.

रात्री मुलगा अभ्यासाला बसला आणि म्हणाला, "आई, अँटिव्हायरस तर तोच जुना दिसून राहिला. मुदतही तीच आहे." मला तेव्हाच कळलं. पोटात गोळा आला. पण मी बोलले नाही. यांना काय सांगू, सासूबाईंसमोर काय तोंड दाखवू, याच विचारात रात्र गेली. त्या रात्री घरात तोंड उघडलं असतं तर पुढचे पैसे गेले नसते. मला सगळ्यात जास्त हेच लागलं आहे.

सकाळी मीच पुन्हा तो नंबर लावला, पैसे परत मागायला. तो रागावला नाही. "बिलकुल मॅडम, रिफंड हो जाएगा, कॉम्प्युटर चालू कीजिए." कॉम्प्युटर सुरू झाला आणि मी हात लावायच्या आधीच माऊसचा बाण हलायला लागला. आदल्या दिवशी त्याने त्या अ‍ॅपमध्ये स्वतःचा पासवर्ड टाकून ठेवला होता, आता त्याला माझी परवानगी लागत नव्हती. स्क्रीनवर रिफंडचा फॉर्म आला. त्यात मी डेबिट कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे भरले. स्क्रीन काळी झाली. "सर्वर से जुड़ रहा है." मोबाइलवर मेसेज आला, मी त्यातले सहा आकडे वाचून दाखवले.

त्याच मेसेजमध्ये आकड्यांच्या आधी लिहिलं होतं की हा ओटीपी ४६,५०० रुपयांच्या खरेदीसाठी आहे, कोणालाही सांगू नका. मी तो मेसेज आजही पुसलेला नाही.

४६,५०० म्हणजे मुलाच्या क्लासचा दुसरा हप्ता. तो म्हणाला, ही टेस्ट एन्ट्री आहे, दोन घंट्यांत परत येईल. मी दोन तास वाट पाहिली. शेवटी सासूबाईंनीच विचारलं, "काहून वं, चेहरा असा काहून पडला?" मी रडत रडत सगळं सांगितलं. त्या एक शब्द रागाने बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "फोन लावताना ते १९३० चं सांगत होते ना मधी, तिथे लाव आधी."

१९३० वर, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, बँकेचं नाव, खात्याचा नंबर, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक विचारतात. ते हाताशी ठेवूनच फोन लावा, मला क्रमांक शोधण्यातच दहा मिनिटं लागली. मग बँकेत फोन करून कार्ड बंद केलं, कॉम्प्युटरची इंटरनेटची वायर काढली, आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार पूर्ण केली, मेसेज आणि कॉल हिस्ट्रीच्या फोटोंसह. त्या ४६,५०० मधले १८,००० पुढे जाता जाता गोठवले गेले. बाकीचे त्या दोन तासांत निघून गेले होते. बँकेने रिझर्व्ह बँकेचा ६ जुलै २०१७ चा नियम दाखवला. ओटीपी ग्राहकाने स्वतः दिला असेल तर कळवण्याआधीचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं, असं त्यात होतं. म्हणून कळवायला लागलेला प्रत्येक मिनिट आपल्या खिशातून जातो.

कॉम्प्युटर आम्ही फॉरमॅट करून घेतला. आता त्यात विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आहे, फुकट. विंडोज १० आणि ११ मध्ये तो आधीपासूनच असतो, दुसरा अँटिव्हायरस बसवला की आपोआप बाजूला होतो. तुमच्याकडे आहे का ते बघायला 'विंडोज सिक्युरिटी' उघडा. आमच्यासारख्या घराला तो पुरतो असं माझं मत झालं आहे. विकत घ्यायचाच असेल तर ओळखीच्या दुकानातून डबा घ्या आणि मदतीचा नंबर त्या डब्यावरचाच लावा. आणि विंडोज १० असेल तर नुसत्या अँटिव्हायरसवर राहू नका. मायक्रोसॉफ्ट घरगुती कॉम्प्युटरला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट देते, पण त्यासाठी सेटिंगमधून नाव नोंदवावं लागतं. आम्ही नोंदवलं.

आमचा जुना डबा कपाटात सापडला. मागच्या बाजूला कंपनीचा टोल फ्री नंबर छापलेला होता. मी लावलेला नंबर तो नव्हता.

मागच्या आठवड्यात मी मोबाइलवर तेच शब्द पुन्हा टाकून पाहिले. जुना नंबर गेला होता. त्या जागी दुसरा होता, वर तेच 'प्रायोजित'. मी त्याचा फोटो काढून जाहिरातीची तक्रार केली.