पंप-स्पेसर, रोटाहेलर की मशीन? दमा असलेल्या मुलाच्या घशाचा विचार

मुलाला दम्यासाठी श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड लिहून दिलं की घरात दोन प्रश्न निघतात. औषध कशातून द्यायचं? आणि त्याने घशात जंतू वाढतात का? दुसऱ्याचं उत्तर बरंचसं पहिल्यात आहे, कारण फुप्फुसात न जाता जेवढं औषध घशात बसतं, तेवढा घशाला त्रास.

आधी जंतूंचं बोलू. ब्राझीलमधल्या एका पाहणीत हे औषध घेणाऱ्या दम्याच्या मुलांच्या घशात न्यूमोकोकस, म्हणजे न्यूमोनिया करू शकणारा जंतू, जास्त आढळला. पण हा जंतू धडधाकट मुलांच्याही नाका-घशात राहतो; तो असणं म्हणजे आजार नव्हे. 2017 मध्ये अनेक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, त्यात औषध घेणाऱ्या मुलांना न्यूमोनिया जास्त झाल्याचं दिसलं नाही. त्यामुळे या भीतीने औषध बंद करू नका. दमा उसळला की तोंडावाटे स्टेरॉइड द्यावं लागतं, ते केव्हाही जास्त जड. त्यापेक्षा लसीचं कार्ड काढून पाहा. न्यूमोकोकसची लस सरकारी दवाखान्यात 6 आठवडे, 14 आठवडे आणि 9 महिन्यांना मोफत मिळते. देशभर ती 2021 पासून सुरू झाली, म्हणून थोड्या मोठ्या मुलांची राहिलेली असू शकते.

पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी) ही आमची पहिली पसंती. पंपातून फवारा इतक्या वेगाने सुटतो की थेट तोंडात मारला तर बराचसा घशावर आदळतो. स्पेसरमध्ये वेग मरतो, मोठे थेंब नळीलाच चिकटतात. चार वर्षांखाली मास्क हवा, तोही गालाला घट्ट. पंप हलवायचा, एक पफ, मग पाच-सहा संथ श्वास. दुसरा पफ पुन्हा हलवून. दोन पफ एकदम मारले की औषध वाया जातं. स्पेसर भांड्याच्या साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि पुसू नका, निथळू द्या. पुसलं की प्लास्टिकमध्ये स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं. यंत्रमागाच्या भागात राहत असाल तर वाळलेला स्पेसर कापडी पिशवीत ठेवा, वापरण्याआधी आत तंतू गेलेत का पाहा. पंप 30 अंशांखाली ठेवायचा असतो. सोलापूरच्या मे महिन्यात तो गाडीच्या डिकीत टाकून फिरणं म्हणजे औषधाचं वाटोळं.

रोटाहेलर, म्हणजे कॅप्सूलमधली पावडर श्वासाने ओढायचं उपकरण, सुटसुटीत आणि पहिल्या खर्चाला हलका. पण ओढ जोरदार लागते, ती सहा वर्षांखालच्या मुलाला जमत नाही. ओढ कमी पडली की पावडर जिभेवर आणि घशातच राहते. त्यात मुलाने उलटा श्वास सोडला की पावडर ओली होऊन चिकटते.

मशीनवर, म्हणजे औषधाचं धुकं करणाऱ्या नेब्युलायझरवर, लोकांचा विश्वास मोठा, आमच्या मते गरजेपेक्षा जास्त. रोजच्या स्टेरॉइडसाठी त्यात दहा मिनिटं जातात, वीज लागते, आणि मूल रडत असेल तर औषध आत फारसं जातच नाही. बुडेसोनाइड या स्टेरॉइडला हवेच्या दाबावर चालणारं जेट मशीनच लागतं, ध्वनिकंपनांवर चालणारं अल्ट्रासॉनिक चालत नाही. जंतूंचा खरा धोका इथेच: मशीनच्या औषधाच्या कपात उरलेलं पाणी. प्रत्येक वापरानंतर कप-मास्क धुवून पूर्ण वाळवा. पातळ करायला सलाईनच, तेही डॉक्टरांनी सांगितलं तर. साठवलेलं नळाचं पाणी कधीच नाही. स्पेसरला महिन्यातून एकदा धुणं पुरतं, आणि नळाला रोज पाणी न येणाऱ्या घरात हा फरक लहान नाही.

तिन्हींना एक नियम सारखा: औषध दात घासण्याआधी द्या, मग चूळ भरून थुंकायला लावा. तान्ह्याला पाणी पाजा, मास्क वापरला असेल तर तोंडही धुवा. जिभेवर, गालाच्या आत सहज पुसून न निघणारे पांढरे चट्टे दिसले तर ती बुरशी असू शकते; त्यावर दुकानातून अँटिबायोटिक आणू नका, त्याने ती वाढते. आवाज बसला तर डॉक्टरांना दाखवा, बरोबर उपकरण न्या आणि त्यांच्यासमोर मुलाला एक डोस घ्यायला लावा. चूक बहुधा तिथेच सापडते.