जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या गिअरबॉक्समध्ये कुठलं तेल: जीएल-४ की जीएल-५?

दुकानदार हमखास म्हणतो, "जीएल-५ घ्या, वरचा ग्रेड आहे." पाच आकडा मोठा असला तरी जुन्या गिअरबॉक्ससाठी ते तेल वरचं ठरत नाही.

जीएल-५ मुळात मागच्या ॲक्सलमधल्या हायपॉइड (तिरप्या, वळलेल्या दातांच्या) गिअरसाठी बनलेलं. तिथे दात एकमेकांवर घासत सरकतात, म्हणून त्यात दातांची झीज रोखणारे सल्फर-फॉस्फरसचे घटक जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. आपल्या गिअरबॉक्समध्ये मात्र पितळी सिंक्रो रिंग असतात. गिअर बदलताना शाफ्टचा वेग जुळवायला त्यांना थोडं घर्षण लागतंच. तेल फार निसरडं झालं की रिंग पकडत नाही, गिअर करकरतो. शिवाय तापलेलं सल्फर पितळ खातं, आणि नागपूरच्या नवतपात वर्धा रोडच्या ट्रॅफिकमध्ये गिअरबॉक्स किती तापत असेल!

माझ्या गाडीतून जीएल-५ काढलं तेव्हा पांढऱ्या फडक्यावर बारीक सोनेरी कण दिसले. चुंबक फिरवलं, एकही चिकटला नाही. पितळच होतं ते. फार वाईट वाटलं.

आता जीएल-४, ८०डब्ल्यू-९० (हा तेलाच्या दाटपणाचा आकडा) आहे. तिसऱ्यातून दुसरा गिअर अलगद पडतो. डिसेंबरच्या सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर जड जातो, तेवढं चालतं. पहिल्या गिअरला सिंक्रो नाहीच, तो गाडी थांबवूनच टाका. ॲक्सलमध्ये जीएल-५ राहू द्या.

आणि तेल बदलताना भरायचा बोल्ट आधी सुटतोय ना ते बघा, मगच तेल काढायचा खालचा उघडा, नाहीतर जुनं तेल निघून जाईल आणि नवं भरता येणार नाही.