पावसातलं आईल ऑफ मल: बोट की गाडी?

जूनमध्ये स्कॉटलंडला निघालात, ओबानला मुक्काम आहे, समोरच्या आईल ऑफ मल बेटावर पक्षी-प्राणी बघायला एकच दिवस हातात आहे आणि फोनवर त्या दिवशी सकाळ-संध्याकाळ पाऊस दाखवतायत. बुकिंग रद्द करू नका. फक्त ढगाच्या चित्राखाली वाऱ्याचा वेग आणि दिशा दिलेली असते, ती वाचा. मी बोटीची आणि गाडीची, दोन्ही सहली खराब हवेतच केल्या आहेत. पावसाने दिवस फुकट जात नाही, वाऱ्याने जातो.

पहिला पर्याय बोटीचा. मलवरच्या अल्वा फेरी किंवा फिनफोर्ट या गावांतल्या धक्क्यावरून निघून स्टाफा बेट आणि ट्रेशनिश बेटांपैकी लुंगा. लोक जातात ते पफिन, म्हणजे रंगीत चोचीचे छोटे समुद्रपक्षी, बघायला. लुंगावर उतरल्यावर ओल्या, निसरड्या धोंड्यांवरून चालावं लागतं, मग खडी पायवाट. वर पोचलं की गवतात पफिनची बिळं. तिथे शांत बसून राहायचं. माणसं असली की शिकारी समुद्रपक्षी जरा लांब राहतात, त्यामुळे पफिन आपणहून जवळ येतात. माझ्यापासून दोन हातांवर एक उतरला, चोचीत चंदेरी मासोळ्यांची रांग. भुरभुर पाऊस चालूच होता आणि त्याच्या काळ्या पाठीवर थेंब अळवाच्या पानावर ठरावेत तसे ठरले होते. तो क्षणभर थांबला आणि बिळात शिरला. पावसाचं त्याला काही नव्हतं, मलाही नव्हतं.

पण हे दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला पाऊस एक थेंब नव्हता, नैऋत्येचा वारा मात्र होता. तिकडून उघडा अटलांटिक येतो, आडवं काही नाही. बोट लुंगापर्यंत गेली, लाटांमुळे लोकांना उतरवणं शक्य नाही असं कप्तानाने सांगितलं आणि आम्ही फिरलो. निर्णय बरोबरच होता, पण सोबतच्या दोन मुलांना उलट्यांनी हैराण केलं होतं. म्हणून बुकिंग करताना एक प्रश्न विचाराच: उतरता आलं नाही तर पैसे परत मिळतात की नुसती चक्कर मारून आणतात?

दुसरा पर्याय गाडीचा. सात-आठ जणांची व्हॅन, स्थानिक गाइड, एका गाडीपुरते अरुंद रस्ते आणि लॉख ना कीलसारख्या खाड्यांचे काठ. वाऱ्याच्या दिवशी हाच घ्यावा, कारण बेटाचा किनारा इतका वाकडातिकडा आहे की एका बाजूला वारा झोडपत असला तरी दुसरीकडे आडोसा मिळतो आणि तो कुठे मिळेल हे गाइडला ठाऊक असतं. पैसे खरे त्याचे.

पाणमांजर बघायचं तर पाणी शांत हवं. पाऊस चालतो, लाटा उठल्या की ते छोटं चपटं डोकं सापडतच नाही. आमच्या गाइडने आडोशाची जागा धरली, तीही अशी की वारा प्राण्याकडून आमच्याकडे यावा, कारण त्याचं नाक फार तिखट. व्हॅनचं मागचं दार छपरासारखं वर उचललं, खाली दुर्बीण लावली. ओहोटी होती. पाण्यावर एक रेघ सरकत आली, बुडाली, पुन्हा उमटली. लहान मासा असला तर ते पाण्यातच तरंगत खातं, मोठं काही मिळालं तर काठावर आणतं. या वेळी खेकडा होता. समुद्रशेवाळावर चढून त्याने अंग झटकलं, केसांचे ओले काटे उभे राहिले आणि कवच फोडल्याचा कडकड आवाज आम्हाला पावसातही ऐकू आला. सगळे मिळून आम्ही वीस मिनिटं तिथे होतो, कोणी बोललं नाही.

गरुडांच्या बाबतीत गाडीची बाजू तेवढी भक्कम नाही. पांढऱ्या शेपटीचा समुद्रगरुड ब्रिटनमधून 1918 पर्यंत नाहीसा झाला होता. 1975 पासून नॉर्वेहून पिल्लं आणून रम बेटावर सोडली आणि 1985 मध्ये मलवर पहिलं पिल्लू उडालं. पंखांचा पसारा जवळपास अडीच मीटर. पण धो-धो पावसात तो झाडावर गप्प बसून राहतो. पाऊस थांबला की पंख पसरून वाळवताना मात्र छान दिसतो, म्हणून उघडीप झाली की जेवणाचा डबा बाजूला ठेवा. सोनेरी गरुड डोंगराच्या धारेवर फिरतो. ढग खाली उतरले की धारच दिसत नाही, मग त्याची आशा सोडायची.

आई-बाबा सोबत असतील, गुडघ्यांचा त्रास असेल तर हवा कशीही असो, गाडीच. ऑगस्ट उजाडला की पफिन समुद्रावर निघून जातात, तेव्हाही गाडीच. पण मे ते जुलै, वारा मंद आणि नुसता पाऊस असेल तर मी बिनधास्त बोट घेईन. अशा ओल्या, बिनवाऱ्याच्या दिवशी काठावर मिज नावाच्या बारीक माश्या अंगाला झोंबतात, भर समुद्रात त्या नसतात.

ओबानहून मलवरच्या क्रेगन्युअर बंदराला फेरी पाऊण तासात पोचवते, पण जोराच्या वाऱ्यात तीही रद्द होते. जमल्यास आदल्या रात्रीच बेटावर मुक्कामाला जा. छत्री घरी ठेवा, जीन्स घालू नका, ती दिवसभर वाळत नाही. आणि दुर्बिणीच्या काचा पुसायला कोरडी सुती फडकी दोन-तीन घ्या, एक तासाभरात भिजतं.