कपाटाचे सपाट पल्ले: पट्टी, रंग, स्टिकर की नवा सनमायका?

सात फूट उंची, चार पल्ले, प्रत्येक पल्ला दीड फूट रुंद, वर तपकिरी नाहीतर क्रीम सनमायका आणि मधोमध एक उभं स्टीलचं हँडल. इंदूरमध्ये सुदामानगरपासून स्कीम ७८ पर्यंत, पंधरा-वीस वर्षांपूर्वी सुतार घरी बसवून करून घेतलेली कपाटं बहुतेक याच साच्यातली. प्लाय अजून धडधाकट असतो, बिजागऱ्याही चालतात, फक्त कपाटाकडे बघवत नाही. म्हणून पल्ले बदलायची गरज नाही; वरचं रूप बदललं की भागतं. त्यासाठी बाजारात जे जे मिळतं ते इथे एकेक करून तपासलं आहे.

आमचा कौल आधीच सांगून टाकतो. खिसा सांभाळून करायचं असेल तर पल्ल्यांवर चौकटीच्या बारीक पट्ट्या ठोका, रंग द्या आणि हँडलं बदला. स्टिकरचा चिकटवायचा रोल कप्प्यांच्या आतल्या बाजूला ठेवा. नवा सनमायका उत्तम, पण तो स्वस्तातला उपाय नव्हे. चारकोल पॅनल (वरून चिकटवायचे खाचांचे शोभेचे तक्ते) आणि वेताची जाळी बजेटवाल्यांनी बघून सोडून द्यावी: पहिल्याच्या खाचांत धूळ बसते, दुसरीसाठी पल्ला मधून कापावा लागतो.

आधी रोलबद्दल, कारण पहिली उडी सगळे तिथेच मारतात. राजवाड्याच्या आसपासच्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळणारा साधा रोल ४५ सेंटिमीटर रुंद असतो. दीड फुटी पल्ला म्हणजे १८ इंच, म्हणजे ४५.७ सेंटिमीटर. सात मिलिमीटर तिथेच कमी पडले, आणि कडेवरून आत दुमडायला हवा तो भाग वेगळाच. हीच गोष्ट लांबीची. दोन मीटरचा रोल ‘एका दाराला पुरतो’ असं सांगून गळ्यात मारतात, पण सात फूट म्हणजे २१३ सेंटिमीटर. म्हणजे खाली अर्ध्या वितीचा जोड आला, आणि लाकडी रेषांच्या डिझाइनमध्ये तो जोड दुरून ओळखू येतो. घ्यायचाच असेल तर ६० सेंटिमीटर रुंदीचा, दहा मीटरचा एकच रोल घ्या. एका पल्ल्याला दुमडीसकट साधारण २२३ सेंटिमीटर लागतात, चार पल्ल्यांना जवळपास नऊ मीटर. शिवाय एकाच रोलमधला रंग सारखा येतो; दोन वेगळ्या लॉटमध्ये छटा बदललेली असू शकते.

लावताना गडबड होते ती हँडलजवळ आणि खालच्या कोपऱ्यांत. हँडलभोवती वर्षानुवर्षं हाताचं तेल बसलेलं असतं. ते नुसत्या ओल्या फडक्याने निघत नाही आणि गोंद त्यावर धरत नाही. भांड्यांचा साबण घातलेल्या कोमट पाण्याने पुसायचं, साध्या पाण्याने पुन्हा पुसायचं, वाळू द्यायचं, मग स्पिरिटचा हात. खरखरीत पोताच्या सनमायकावर तर रोल लावूच नका. उंचवट्यांवर चिकटतो, खळग्यांत हवा राहते. हे सगळं नीट केलं तरी पश्चिमेच्या खिडकीसमोरचं कपाट असेल तर उन्हाळ्यात ही फिल्म किंचित आक्रसते, कडेला गोंदाची रेघ उघडी पडते आणि त्या रेघेवर काळी धूळ जमते. कडा हेअर ड्रायरने गरम करून, दुमडून आतल्या बाजूला किमान एक इंच नेल्या तर हे बरंच लांबतं, टळत नाही. बाहेरून लावायला दहापैकी तीन गुण. कप्प्यांत आणि ड्रॉवरच्या तळाशी अंथरायला आठ.

पट्टी आणि रंग हा खरा मुद्दा. सपाट पल्ल्यावर चौकट उमटली की तोच पल्ला घडीव दिसायला लागतो, आणि रंगाने सनमायकाचा जुनेपणा झाकला जातो.

पट्ट्यांचा हिशेब आधी कागदावर करा, दुकानात उभं राहून नको. पल्ला ८४ इंच उंच, १८ इंच रुंद. चारही बाजूंनी तीन इंच सोडायचे, मध्ये तीन इंचांचा पट्टा ठेवून वर मोठा चौकोन, खाली छोटा. वरचा ४५ × १२ इंच, खालचा ३० × १२. एका पल्ल्याला साडेसोळा फूट, चारांना ६६ फूट. आठ फुटी पट्ट्या मिळत असतील तर नुसता भागाकार केल्यास सव्वाआठ येतात, पण कापायला बसलं की खरे नऊ लागतात: ४५ इंचांचे दोन तुकडे एका पट्टीतून, म्हणजे चार पट्ट्या, ३० इंचांचे तीन एका पट्टीतून, म्हणजे तीन, आणि १२ इंचांच्या सोळा तुकड्यांपैकी दोन तिसऱ्या पट्टीच्या उरलेल्या भागातून, बाकी चौदा आणखी दोन पट्ट्यांतून. करवतीची जाडी धरूनच हा हिशेब आहे. एक पट्टी जास्तीची, एकूण दहा. तुमचे पल्ले वीस इंची असतील तर आडवे तुकडे १४ इंचांचे होतील, तेव्हा हे सगळं पुन्हा मांडा.

पट्टी कोणती? पाइनची लाकडी पट्टी दिसायला छान, पण मे महिन्यात इथली हवा इतकी कोरडी होते की ४५ अंशांच्या कोपऱ्यात फट पडते, आणि ऑगस्टमध्ये तीच पट्टी फुगून रंगाला तडा देते. एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेली) स्थिर राहते, मात्र तिची कापलेली टोकं पाणी पितात; बसवण्याआधी प्रत्येक टोकाला प्राइमरचा हात हवाच. हलकी, फोमसारखी पॉलिस्टायरिनची पट्टी सगळ्यांत स्वस्त. तिला रबराचा गोंद लावलात तर त्यातलं थिनर पट्टीच खाऊन टाकतं, ती खालून वितळते. तिच्यासाठी पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक गोंद घ्यावा लागतो. आमची पसंती एमडीएफला, २० ते २५ मिलिमीटर रुंद, जाडी ८-९ मिलिमीटरपर्यंत.

सरकत्या पल्ल्यांचं कपाट असेल तर इथेच थांबा आणि दोन पल्ल्यांमधली फट मोजा. मागच्या पल्ल्यावर जाड पट्टी लावली की तो पुढच्याला घासतो. तिथे पट्टी फक्त पुढच्या पल्ल्यावर, मागच्यावर नुसता रंग.

आता गोंद. सुताराच्या तोंडात पांढरा फेविकॉल एसएच बसलेला असतो. तो लाकडासाठी उत्तम, कारण तो लाकडात शोषला जातो. सनमायकावर शोषायला काही नसतंच, त्यामुळे पट्टी महिनाभर टिकते आणि दार जोरात आपटलं की सुटते. जिथे पट्टी बसणार तेवढ्या रेघेत ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सनमायकाची चकाकी पूर्ण घालवा आणि फेविकॉल एसआर ९९८ सारखा रबराचा गोंद वापरा. तो पट्टीला आणि पल्ल्याला दोन्हीकडे पातळ लावायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला ओढ लागेनाशी झाली की दाबायचं. एकदा टेकली की पट्टी सरकवता येत नाही, म्हणून तीन इंचांचा लाकडी ठोकळा कापून तो कडेला धरून आधी पेन्सिलीने रेघा मारून घ्या. प्रत्येक उभ्या तुकड्याला वर, मध्ये, खाली एकेक बारीक बिनटोपीचा खिळा पुरे. खिडक्या उघड्या ठेवा, गॅस बंद ठेवा. या गोंदाची वाफ पेट घेते.

कोपऱ्यातल्या बारीक फटीत भिंतीची पांढऱ्या सिमेंटची पुट्टी भरायचा मोह होतो, कारण ती घरात पडलेली असते. दार रोज आपटतं, ती पुट्टी ताणली जात नाही, केसासारखी चीर पडते. ॲक्रिलिक सीलंट भरा, ओल्या बोटाने पुसून घ्या.

रंगाचं सगळं यश प्राइमरवर. दुकानात ‘लाकडाला प्राइमर द्या’ म्हटलं की पांढरा वूड प्राइमर पुढे येतो. तो उघड्या लाकडासाठी आहे. सनमायकावर तो दिला तर रंग दिसायला झकास, आणि पहिल्याच दिवाळीच्या साफसफाईत नखाने साल निघावी तसा निघतो. काच, टाइल, लॅमिनेट (म्हणजेच सनमायका) अशा गुळगुळीत पृष्ठभागांसाठीचा प्राइमर मागा. तो नसेल तर दोन डब्यांत येणारा इपॉक्सी प्राइमर. त्याआधी १८० नंबरने सगळा पल्ला घासायचा, चमक कुठेही शिल्लक नको. जिथे पूर्वी फर्निचर पॉलिशचा स्प्रे मारला जात असे तिथे सिलिकॉन बसलेलं असतं आणि रंगात माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात; तो भाग घासण्याआधी थिनरने पुसा, नाहीतर घासताना ते आणखी पसरतं.

प्राइमर धरला का, हे रंग देण्याआधी तपासता येतं. पल्ल्याच्या आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात प्राइमर लावून दोन दिवस वाळू द्या. ब्लेडने उभ्या-आडव्या पाच-सहा रेघा मारा, सेलोटेप घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. टेपवर चौकटी उतरल्या तर घासणं कमी पडलं किंवा प्राइमर चुकला. ही दोन दिवसांची वाट पुढच्या सगळ्या कामाचा विमा आहे, पण घाईचा पेंटर ती कधीच बघत नाही.

वर पाण्यातला इनॅमल, सॅटिन चकाकीचा. तेलातला पांढरा इनॅमल पहिल्या दिवशी जास्त सुंदर दिसतो, पण अंधाऱ्या खोलीत तो पिवळा पडत जातो. चार पल्ल्यांचं क्षेत्रफळ ४२ चौरस फूट, कडा धरून पन्नासच्या आत. एक लिटर रंग दोन हातांना पुरतो. पट्ट्यांच्या कडा एक इंची ब्रशने आधी, मग सपाट भाग चार इंची फोम रोलरने. पहिल्या हातानंतर ३२० नंबरने हलकं घासा, ओल्या फडक्याने धूळ टिपा, मग दुसरा. हात जाड दिला की खालच्या पट्टीच्या वरच्या कडेला ओघळ जमतो आणि तिथेच सुकतो.

रामबागेसारख्या जुन्या वस्तीत सनमायकाऐवजी रंगवलेली लाकडी दारं असतील तर ती कोरडी घासू नका. घरगुती रंगातल्या शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. पाणी लावून घासा, मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवा.

हँडलं सगळ्यांत सोपी आणि पैशाच्या मानाने सगळ्यांत जास्त फरक पाडणारी. जुनं काढून दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा: ९६, १२८, १६० मिलिमीटर अशी मापं सहसा असतात. त्याच मापाचं नवं मिळालं तर नवी भोकं पाडायचं काम वाचतं. नाही मिळालं तर जुनी भोकं एम-सीलने भरून, घासून, प्राइमरच्या आधीच मिटवून टाका. हँडलसोबत येणारा स्क्रू बहुधा २५ मिलिमीटरचा. १९ मिलिमीटर प्लाय आणि दोन्ही बाजूंचा सनमायका मिळून जाडी २१ च्या आसपास जाते, म्हणजे हँडलमध्ये जेमतेम चार मिलिमीटर आटे बसतात. ३० मिलिमीटरचे स्क्रू वेगळे मागून घ्या. आणि हँडलचं भोक पट्टीच्या रेघेवर येत नाही ना, हे पट्टी चिकटवण्याआधी बघा.

एखाद्या पल्ल्यावर आरसा हवा असेल तर वजन धरा: चार मिलिमीटरची काच चौरस मीटरला दहा किलो. पाच फूट बाय एक फूट आरसा साडेचार किलोच्या वर जातो. सात फुटी पल्ल्याला चार बिजागऱ्या नसतील तर पल्ला लोंबणार. चिकटवायला न्यूट्रल सिलिकॉनच. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन आरशाची पाठ खातं आणि काळे डाग पडतात.

नव्या सनमायकाबद्दल थोडक्यात. आठ बाय चारच्या शीटमधून दीड फुटी दोनच पल्ले निघतात, तिसरा बसत नाही. चार पल्ल्यांना दोन शीटा, वर सुताराची मजुरी. जुन्यावर नवा चढवला तर पल्ल्यांमधली फट कमी होते, आणि एकाच बाजूला थर वाढल्याने सात फुटी पल्ला धनुष्यासारखा वाकण्याची शक्यता राहते. जुना काढून चढवणारा सुतार मिळाला तर दहापैकी नऊ, नाहीतर पाच.

पट्टी, प्राइमर, रंग, चार हँडलं आणि किरकोळ सामान मिळून आजच्या भावाने साधारण चार ते पाच हजारांत बसतं, मजुरी सोडून. हार्डवेअर सियागंजात एकदाच जाऊन घेतलेलं परवडतं. कॉलनीतल्या दुकानात स्क्रू-हँडलाची निवडच नसते.

काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीत काढा. पावसाळ्यात रंग वरून कोरडा लागतो, आत ओला राहतो, आणि बंद केलेले पल्ले सकाळी एकमेकांना चिकटलेले मिळतात. हिवाळ्यातसुद्धा दुसऱ्या हातानंतर पल्ले रात्रभर उघडे ठेवा आणि पुढचे दोन-तीन आठवडे ओलं फडकं लावू नका. उरलेल्या थिनरचे आणि रंगाचे डबे कचरागाडीत सुक्या कचऱ्यात टाकू नका. घातक घरगुती कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो, त्यात द्या.