जुनं सहा-सिलिंडर इंजिन निवडताना: एम२०, एल२४ की जॅग्वार एक्सके?

जुनी सहा-सिलिंडर गाडी घेताना बहुतेकजण आधी रेडलाइन, म्हणजे इंजिन किती वेगाने फिरवता येतं ती मर्यादा, विचारतात. माझ्या मते त्याआधी विचारायला हवं, की इंजिन ताणलं तर पहिल्यांदा काय तुटतं? या तीन इंजिनांची उत्तरं अगदी वेगळी आहेत.

बीएमडब्ल्यूच्या ३२५आयमधलं अडीच लिटरचं एम२० साधारण ६,४०० ते ६,५०० आरपीएमपर्यंत (मिनिटाला फेऱ्या) जातं. स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) फक्त ७५ मिमी, त्यामुळे तिथेही पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १६ मीटरच्या आसपास राहतो. खालची, पिस्टनची बाजू निवांत असते, दुखणं वर व्हॉल्व्हच्या बाजूला आहे. कॅमचा (फिरत्या दांड्यावरच्या उंचवट्याचा) धक्का व्हॉल्व्हला देणारा रॉकर हाच याचा कच्चा दुवा. लिमिटर आहे, पण तो फक्त ॲक्सिलरेटर दाबून चढवलेल्या आरपीएमला आवरतो. पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडला, की चाकंच इंजिनाला फिरवतात आणि तिथे लिमिटरचं काही चालत नाही. कॅममागे धावताना व्हॉल्व्ह बंद करणाऱ्या स्प्रिंगवर येणारा भार आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ६,५०० चे ७,५०० झाले तर तो जवळपास एक तृतीयांशाने जास्त होतो. स्प्रिंग मागे पडते, व्हॉल्व्ह वेळेत बसत नाही आणि रॉकर तुटतो. कॅम फिरवणारा टायमिंग बेल्ट तुटला तर पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतो.

डॅटसन २४०झेडच्या एल२४ मध्ये कॅम बेल्टऐवजी चेनवर चालतो. स्ट्रोक ७३.७ मिमी, मीटरवर लाल पट्टा ७,००० ला. तिघांत मनमोकळेपणाने फिरणारं हेच, आणि मला सर्वांत आवडतं तेही हेच. इथे रॉकर एका टोकाला गोल डोक्याच्या बोल्टवर आणि दुसऱ्या टोकाला व्हॉल्व्हवरच्या लॅश पॅड नावाच्या छोट्या चकतीवर नुसता टेकलेला असतो. स्प्रिंग मागे पडून व्हॉल्व्ह तरंगायला लागले की पॅड उडतो, रॉकर जागचा निसटतो. कॅम घासून नव्याने घडवलेला असेल तर पॅडची जाडीही बदलावी लागते, नाहीतर कॅम रॉकरच्या कडेवर चालतो.

जॅग्वार एक्सके ४.२ मध्ये रॉकरच नाहीत. दोन कॅम थेट व्हॉल्व्हवरच्या वाटीसारख्या बकेट टॅपेटवर बसतात. तरी लाल पट्टा ५,५०० ला, कारण स्ट्रोक १०६ मिमी. तेवढ्यावरच पिस्टनचा वेग १९ मीटरच्या वर जातो. दोष हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात आहे. ॲल्युमिनियम तापून टॅपेट ज्यात सरकतं ते गाइड सैल होतं, वर सरकतं आणि कॅम त्याला ठोकतो. गाइड दाबून धरणाऱ्या पट्ट्या बसवलेल्या असतील तर काळजी बरीच कमी.

आरामात लांब पल्ला मारायचा असेल तर जॅग्वार. वरच्या आरपीएमची मजा हवी असेल आणि टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट जुळवणं) नियमित करणार असाल तर एल२४. एम२० रोजच्या वापराला उत्तम, पण बेल्ट कधी बदलला याची नोंद हवीच. नोंद नसेल तर बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनर बदलेपर्यंत जोरात चालवू नका. तिन्हींत व्यवहार ठरण्याआधी टॅपेट कव्हर उघडायला लावा. एल२४ मध्ये रॉकरवरची घासल्याची खूण मधोमध दिसली पाहिजे.